घर तेच, पत्ता वेगळा

"तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर विचारला जातो. रेल्वेच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यातल्या बाकावर... नाव विचारून झाले की लगेच गाव. गाव कळले की समोरचा माणूस आपल्याला मनातल्या एका खणात ठेवतो आणि मग निर्धास्तपणे पुढे बोलू लागतो. मी "दारव्हा" म्हणतो. विदर्भाबाहेरचा माणूस असेल तर पुढचा प्रश्न ठरलेलाच, "हे कुठे आलं?" मग मी यवतमाळ जिल्हा सांगतो. एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते.

माझे स्वतःचे मात्र होत नाही. कारण हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही, निदान आमच्या भागात तरी नाही. माझा जन्म १९५१ चा, दारव्हा तालुक्यातला. जन्मलो तेव्हा मी मध्यप्रदेशचा होतो. पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागलो तेव्हा मुंबई राज्याचा झालो होतो. चौथीची परीक्षा दिली ती महाराष्ट्रात. या दहा वर्षांत आमच्या घराने जागा बदलली नाही. अंगणातला कडुनिंब तिथेच, विहीर तिथेच, शेजारीही तेच. पत्ता मात्र दोनदा बदलला.

एकदा एका सरकारी कचेरीत अधिवासाच्या दाखल्यासाठी गेलो होतो. कोतवाल बुकाची नक्कल जोडली होती. टेबलामागच्या बाबूने ती वाचली आणि चष्मा वर करून विचारले, "जन्म मध्यप्रदेशातला दिसतो. मग महाराष्ट्रात कधी आलात?" मी म्हटले, "साहेब, मी नाही आलो. महाराष्ट्र आला." त्याला ते काही पटले नाही. तीन खेपा घालायला लावल्याच! त्या तिसऱ्या खेपेला बाकावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आले, की या प्रकरणाचा एकदा नीट छडा लावायला हवा. इतिहास-भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला. मुलांना पानिपत आणि प्लासी शिकवले. पण स्वतःच्या उंबरठ्यावरून कोणकोण येऊन गेले, ते पुस्तकात नव्हते म्हणून शिकवायचे राहिले.

२००९ साली निवृत्त झाल्यावर हाताशी वेळ आला. घरात एक पत्र्याची पेटी आहे. त्यात आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, काळापासूनचे कागद. मोडीतल्या पावत्या, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, रेल्वेची पुठ्ठ्याची तिकिटे, आणि कार्डे, पुष्कळ कार्डे. घरच्या मंडळींच्या मते ही वाळवीची शिदोरी. मी ती एकेक करून पुसली, वर्षवार लावली आणि जाड कागदाच्या चिकटवहीत कोपऱ्यांनी बसवली. मजकूर तर वाचलाच, पण हळूहळू माझे लक्ष दुसऱ्या बाजूला जाऊ लागले, पत्त्याच्या बाजूला.

१९३१ च्या एका कार्डावर पुण्याच्या नातलगांनी फक्त 'दारव्हा, वऱ्हाड' असे लिहिले आहे. ते नेमके पोचले आहे. १९४८ च्या कार्डावर 'जि. यवतमाळ, मध्यप्रांत व वऱ्हाड'. १९५३ च्या कार्डावर नुसते 'म.प्र.'. आता गंमत पाहा, म.प्र. म्हणजे मध्यप्रांतही आणि मध्यप्रदेशही! १९५० साली प्रांताचे नाव बदलले, पण लिहिणाऱ्याला अक्षरे बदलावी लागली नाहीत. १९५८ मध्ये 'मुंबई राज्य', आणि १९६१ पासून 'महाराष्ट्र'. एकाच घराच्या दारात पडलेली ही कार्डे. आणि हे सगळे तीस वर्षांत!

मग मी आबाजींपासून सुरुवात केली. आबाजींचा जन्म १८८९ चा. तेव्हा आमचा जिल्हा यवतमाळ नावाचा नव्हताच. वणीच्या नावावरून इंग्रज त्याला 'वून' म्हणत. यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी असे त्याचे चार तालुके. १९०५ साली वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली. वाशीम जिल्हा मोडला, त्यातला पुसद तालुका आमच्याकडे आला आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. जो वाशीम जिल्हा तेव्हा मोडला तो १९९८ साली पुन्हा जन्माला आला. जिल्ह्यांनाही पुनर्जन्म असतो, असे मी वर्गात सांगितले असते तर पोरे हसली असती, पण आहे खरे.

तर सांगायचा मुद्दा हा, की आबाजी जन्मले तेव्हा ते कोणाचे प्रजाजन होते? इंग्रजांचे, असे मी धरून चाललो असतो. पण तसे नव्हते. कायद्याने वऱ्हाड हैदराबादच्या निजामाचे होते. इंग्रज फक्त कारभार पाहत होते.

हे त्रांगडे असे झाले. १८०३ साली अडगावच्या लढाईत आणि गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख त्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. त्याआधी इथे दुअमल होता, म्हणजे एकाच रयतेकडून निजाम आणि भोसले दोघेही वसूल घेत. शेतकरी एक आणि धनी दोन! पुढे निजामाने इंग्रजांच्या देखरेखीखाली जी कंटिंजंट फौज बाळगली होती, तिचा खर्च थकत गेला. त्या बाकीपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीकडे कारभारासाठी लावून दिले. इंग्रजी दप्तरात आमच्या मुलखाचे नावच 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असे होते, म्हणजे हैदराबादने सोपवलेले जिल्हे.

सालारजंगांसारख्या मातबर दिवाणाने हे वऱ्हाड परत मिळावे म्हणून पुष्कळ खटपट केली. ती फळाला आली नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सहावे निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. मोबदला ठरला वर्षाला २५ लाख रुपये. त्यानंतर निजामाला 'जी.सी.बी.' हा मोठा किताब मिळाला. हैदराबादचे टवाळ लोक म्हणू लागले, जी.सी.बी. म्हणजे 'गेव्ह कर्झन बेरार', कर्झनला बेरार देऊन टाकला! १९०३ पासून आमचा कारभार नागपूरच्या मध्यप्रांताला जोडला गेला.

म्हणजे विचार करा. आमचे गाव भाड्याने दिलेले होते. मालक हैदराबादेत, भाडेकरू नागपुरात बसून राज्य करणारा, आणि घरात राहणारे आम्ही! आबाजींना हे ठाऊक होते का? बहुधा होते. लहानपणी मी त्यांना विचारले होते, "आबाजी, तुमच्या लहानपणी राजा कोण होता?" ते म्हणाले, "राजा व्हता ना बावा. पण त्याले आमी पाह्यलं नाही अन् त्यानं आमाले नाही."

कागदावरची ही मालकी शेवटपर्यंत टिकली. १९३६ च्या करारात इंग्रजांनी पुन्हा मान्य केले, की वऱ्हाडवर सार्वभौमत्व निजामाचे. शेवटचे निजाम उस्मान अली खान 'हैदराबाद व बेरारचे निजाम' झाले आणि त्यांचे थोरले चिरंजीव आझम जाह यांना 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. या आझम जाहांची पत्नी दुर्रू शेहवार. ती तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. त्यांचे लग्न १९३१ साली फ्रान्समध्ये नीस येथे झाले. तेव्हा आमच्या कपाशीच्या मुलखाची युवराज्ञी होती इस्तंबूलची राजकन्या! तिने दारव्ह्याचे नाव कधी ऐकले असेल असे वाटत नाही. आणि आमच्या आजीने तिचे नाव ऐकले नव्हते, हे मी खात्रीने सांगतो.

यातही एक विचित्र न्याय झाला. कागदावर आम्ही निजामाचे, पण १५ ऑगस्ट १९४७ ला आमच्याकडे तिरंगा फडकला. पैनगंगेच्या पलीकडे मात्र प्रत्यक्ष निजामाचा अंमल होता. तिथल्या लोकांना १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. रझाकारांच्या काळात कितीतरी कुटुंबे नदी ओलांडून अलीकडे आली. नदी तीच, दोन्ही काठांवर भाषा तीच, सोयरीकही होत असे. पण १८५३ साली कुणीतरी एक रेघ ओढली होती, तिच्यामुळे अलीकडच्यांना आणि पलीकडच्यांना वेगवेगळे दिवस भोगावे लागले. म्हणून मी सीमांना नुसत्या 'कागदावरच्या रेघा' म्हणून उडवून लावत नाही. त्या रेघांनी माणसे वाचतात आणि मरतातही.

आता घरातली गोष्ट सांगतो.

१९५३ मध्ये नागपूर करार झाला. विदर्भ, मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र यांचे एक राज्य व्हावे, असे त्यात ठरले. विधानसभेचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला होते, ते त्या कराराचेच फळ. पण १९५५ साली फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली. शिफारस तशीच राहिली, १९५६ ला आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पुस्तकात हे चार ओळींत संपते. आमच्या घरात ते संपायला बरीच वर्षे लागली.

माझे बाबा संयुक्त महाराष्ट्राचे. मराठी बोलणारा सगळा एका छपराखाली यावा, यात त्यांना काही गैर दिसत नसे. मामा कट्टर विदर्भवादी. वणीचे आणि यवतमाळात वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे हे मामांचे दैवत. "कापूस आमचा, कोळसा आमचा, जंगल आमचं, अन् तिकडं मुंबईत आमाले पुसते कोन?" हे मामांचे ठरलेले वाक्य. बाबा म्हणत, "भाषा एक असल्यावर माणूस परका कसा?" १९६० च्या त्या मे महिन्यात जेवणाच्या पानावर दोघांचे कडाक्याचे वाजले. मामा अर्ध्या पानावरून उठले. आई दारापर्यंत गेली, पण ते थांबले नाहीत. मी नऊ वर्षांचा होतो. राज्य म्हणजे काय ते मला कळत नव्हते, पण राज्यामुळे मामा घरी येत नाहीत एवढे कळत होते.

पुढची सात वर्षे, माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नापर्यंत, मामा आमच्या घराची पायरी चढले नाहीत. मला वाटायचे, या सात वर्षांत दोघांमध्ये काहीच बोलणे नव्हते. पेटी उघडल्यावर वेगळेच निघाले. त्या सात वर्षांत मामांची चाळीसच्या वर कार्डे आलेली आहेत! प्रत्येकावर पत्ता असा, 'मु. पो. दारव्हा, जि. यवतमाळ, विदर्भ'. 'विदर्भ' या शब्दाखाली दोन रेघा. 'महाराष्ट्र' हा शब्द एकाही कार्डावर नाही. मग मी मामांच्या मुलाकडे गेलो. त्यांच्याही माळ्यावर एक गाठोडे होते. त्यात बाबांची उत्तरे. प्रत्येकावर ठसठशीत अक्षरात 'महाराष्ट्र राज्य', आणि खाली एक रेघ. बाबा शाळामास्तर होते, एकापेक्षा जास्त रेघा मारणे त्यांना शोभले नसते.

तर ही लढाई सात वर्षे पत्त्याच्या बाजूला चालली. आणि मजकुराच्या बाजूला? 'पाऊस पडला काय. आमच्याकडे अजून नाही.' 'कपाशीवर अळी आहे.' 'ताईचे गुडघे कसे आहेत, तेल पाठवतो.' 'धाकट्याला ताप होता, आता उतार आहे.' 'चिरंजीव मॅट्रिकला बसतो, आशीर्वाद द्यावा.' एकाही कार्डात राजकारणाचा शब्द नाही. डाकवाल्याने ती सगळी कार्डे, विदर्भाचीही आणि महाराष्ट्राचीही, बिनचूक पोचवली.

ही दोन गाठोडी शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. दोघेही आता नाहीत. कोण बरोबर होते ते मी आजही सांगू शकत नाही. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत अकरा वर्षे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, तेव्हा बाबांना वाटले असेल की आपले म्हणणे खरे ठरले. १९७१ साली आमच्या यवतमाळचे जांबुवंतराव धोटे विदर्भाच्या घोषणा देत नागपुरातून लोकसभेवर गेले, तेव्हा मामांना तसेच वाटले असेल. पुढे आमच्या जिल्ह्याचे नाव कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांनी देशभर झाले. हे पाहून मामा काय बोलले असते ते मला ठाऊक आहे, आणि बाबांनी मान खाली घातली असती हेही. त्या प्रश्नाचा निकाल माझ्या चिकटवहीत लागणार नाही. पण माणसाला आपण कोण हे ठासून सांगावेसे वाटते आणि त्याच वेळी बहिणीच्या गुडघ्यांसाठी तेलही पाठवावेसे वाटते, एवढे मात्र तिथे दिसते.

या कागदांच्या नादात आणखी काही गोष्टी कळल्या. बाबा-मामांची कार्डे बंद झाली त्यानंतर काही वर्षांनी, १५ ऑगस्ट १९७२ ला, पिनकोड आला. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची. ते डाक खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतमध्ये काव्य-नाटके लिहीत. दारव्ह्याचा पिन ४४५२०२. यातला पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश आणि छत्तीसगढ या सर्वांचा मिळून. म्हणजे डाक खात्याच्या हिशेबात आम्ही आजही मध्यप्रदेशच्याच शेजघरात आहोत! आणि पहिले दोन आकडे, ४४, हे विदर्भाचे. नागपूरपासून बुलढाण्यापर्यंत सगळीकडे ४४. मामा हयात असताना मला हे सुचले असते तर सांगितले असते, की तुम्हाला राज्य मिळाले नाही, पण दोन आकडे मिळाले.

आमच्या रेल्वेचेही तसेच. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची लाइन, आमची लाडकी 'शकुंतला'. दारव्हा मोतीबाग हे तिच्यावरचे स्टेशन. किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीने ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आमचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनवर आणि तिथून मुंबईकडे नेण्यासाठी टाकली. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण ही लाइन स्वातंत्र्यानंतरही त्या खाजगी कंपनीच्याच नावावर राहिली. त्या कंपनीचे नाव 'सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे'. म्हणजे मध्यप्रांत १९५० साली नकाशावरून गेला, पण त्याच्या नावाची रेल्वे आमच्या गावातून पुढे कितीतरी दशके धावत होती. १९९४ पर्यंत तिला मँचेस्टरला बनलेले कोळशाचे इंजिन होते. आता काही वर्षांपासून गाडी बंद आहे. माझ्या वहीत तिची तीन तिकिटे आहेत, पुठ्ठ्याची, बोटभर लांबीची.

आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ही मोठी लाइन होते आहे. वर्धा ते कळंब हा तिचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. ती यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद असे करत पैनगंगा ओलांडून नांदेडला जाणार. म्हणजे १८५३ च्या तहाने जो मुलूख आमच्यापासून वेगळा पडला, तिथे आम्ही रुळांवरून परत जाणार. निजामाला हे पाहायला मिळाले नाही, आम्हाला मिळो म्हणजे झाले!

आता भाषेविषयी थोडेसे, कारण ओळख म्हटली की ती येतेच. नोकरीत असताना एका प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो होतो. गटचर्चेत माझ्या तोंडून "मी तेच सांगून राहिलो" असे निघाले आणि चारजण हसले. हसण्यात दुष्टपणा नव्हता, पण हसले खरे. त्यानंतरचे तीन दिवस मी जपून जपून बोललो. आमची 'करून राहिलो, जाऊन राहिली', आमचे 'मले-तुले', आमचे 'पोट्टे'. शाळेत मी स्वतःच मुलांच्या वहीत त्यांच्याखाली लाल रेघा मारल्या आहेत. परीक्षेला प्रमाण भाषा लागते, त्याला इलाज नाही. पण हसणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी होती.

मराठीतला आद्य गद्यग्रंथ 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रचला तो अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत दडवून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीचा उलगडा झाला आणि मराठीला आपले हरवलेले बालपण सापडले. आमच्या यवतमाळचे य. खु. देशपांडे हे पेशाने वकील. पण त्यांना नाद जुन्या पोथ्यांचा. १९२५ साली त्यांनी 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हे पुस्तक लिहिले, यवतमाळात शारदाश्रम ही संस्था उभी केली, आणि आपला प्रदेश 'मागास' नसून मराठीचे माहेर आहे हे कागदानिशी दाखवून दिले. एका वकिलाचा फावल्या वेळचा छंद, पण त्याने अख्ख्या मुलखाला ताठ मानेने बोलायला शिकवले. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. तेव्हा 'सांगून राहिलो' म्हणणाऱ्याला हसण्यापूर्वी मंडळींनी जरा सबुरीने घ्यावे.

माझा छंद अर्थात इतका मोठा नाही. अलीकडे मी नकाशे काढतो. शाळेत असताना नकाशाचा रबरी शिक्का वापरून कंटाळलो होतो, आता हाताने काढतो. पातळ ट्रेसिंग कागदावर एकाच मापाचे नऊ नकाशे झाले आहेत. पहिला इमादशाहीचा, जेव्हा अचलपूर ही राजधानी होती. मग अकबराचा बेरार सुभा, मग निजाम-भोसल्यांची दुअमल, १८५३, १९०३, १९५०, १९५६, १९६०. नववा पिनकोडचा. प्रत्येकाची सीमा वेगळ्या रंगाच्या खडूने. दारव्ह्याच्या जागी टाचणीचे छिद्र, म्हणजे नवही कागद बरोबर एकावर एक बसतात. खिडकीच्या काचेवर धरले की सगळ्या सीमा एकदम दिसतात, एकमेकींना कापत जाणाऱ्या. छिद्रातून फक्त उजेड येतो.

माझा नातू बंगलोरला वाढतो आहे. त्याची आई, माझी मुलगी, अमरावती विद्यापीठाची पदवीधर. ज्या कॉलेजातून ती शिकली त्याच कॉलेजातून मी शिकलो, पण माझी पदवी नागपूर विद्यापीठाची, कारण अमरावती विद्यापीठ १९८३ चे. त्याला शाळेत 'आपले मूळ गाव' यावर लिहायचे होते. फोनवर विचारत होता, "आबाजी, आपण नक्की कोण? महाराष्ट्रीयन की विदर्भाचे?" मी त्याला सांगितले, दोन्ही लिही. वर्षेही लिही. आणि निजाम, भोसले, नागपूर, मुंबई हे सगळे लिहून झाल्यावर खाली लिही, की आमच्या घरासमोर कडुनिंब आहे आणि पणजोबा-पणजीपासून सगळे त्याच्याखाली बसले आहेत. तो म्हणाला, एवढे एका पानात मावणार नाही. मी म्हटले, मग दोन पाने घे.

त्याला मामांचे एक कार्ड आणि बाबांचे एक कार्ड अशी जोडी पाठवणार आहे. अस्सल नाही, झेरॉक्स. अस्सल कार्डे पेटीतच राहतील, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात.

असो. तुमच्याही घरात माळ्यावर एखादी पेटी असेलच. रद्दीवाला दारात येण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. मजकूर वाचाच, पण पत्त्याची बाजूही वाचा. आणि कोणाचे कार्ड आहे, कोणत्या साली आले, हे मागे शिसपेन्सिलीने लिहून ठेवा. शाईने नको, शाई कागद खाते.